जोडीचा नियम

डोंगरावरच्या त्या शिबिरात सेवेला येणाऱ्यांसाठी नियम फारसे नव्हते, पण एक होता तो पक्का. कुणीही कुठलंही काम एकट्याने करायचं नाही. संडास धुवायचे असोत, लाकडं फोडायची असोत की मुलांच्या गाद्या उन्हात घालायच्या असोत, माणसं दोन हवीत आणि दोघांना एकमेकांची हाक ऐकू यायला हवी. फार पूर्वी कुणीतरी एकटाच घळीत उतरला आणि पाय मोडून तिथेच पडून राहिला, तेव्हापासूनचा हा नियम. नवराबायको आले तर त्यांची जोडी आयतीच. एकटं माणूस आलं तर त्याला जोडीदार लावून द्यायचे. आणि जोडीतला एक आजारी पडून खाली गेला की दुसऱ्यानेही सामान बांधायचं, कारण रिकामा जोडीदार हा कामी येण्यापेक्षा लोकांच्या पायांतच जास्त येतो, असा अनुभव होता.

चर्च या सगळ्याला मिशनसेवा म्हणायचं. नाव भारदस्त होतं. पहिल्यांदा येणारी माणसं पिशवीत धर्मग्रंथ, चष्मे घेऊन आणि चार चांगली वचनं पाठ करून यायची आणि आठवड्याभरात त्यांच्या लक्षात यायचं की इथे सुवार्ता सांगायला कुणी रिकामं नाही. सकाळची प्रार्थना झाली की हातात खराटा. शिबिराचे प्रमुख निवृत्त दातांचे डॉक्टर होते. तेही बायकोसकट विनापगारी सेवेलाच आलेले. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. डॉक्टर कुणालाही काम सांगताना "जरा त्रास होईल हं," असं आधी म्हणत, आणि मग जे काम निघे ते पाहता आयुष्यभर त्यांचे पेशंट का ओरडले असतील ते कळे.

बाई आणि नळकाका यांचा हा तिसरा उन्हाळा. बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना बाईच म्हणत. वर्गाची हजेरी त्या पटाकडे न बघता घ्यायच्या, आणि त्याचा त्यांना अजून अभिमान होता. त्यांचे यजमान नगरपालिकेच्या पाणीखात्यात फिटर होते. शिबिराला मुलं आली की पहिल्याच दिवशी त्यांचं नामकरण नळकाका असं करून टाकत, आणि ते नाव मोठ्यांनीही उचललं होतं. शिबिराचं पाणी वरच्या झऱ्यावरून टाकीत आणि टाकीतून पाइपांनी खालच्या इमारतींत यायचं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते चालू करायचं आणि बर्फ पडायच्या आधी पाइपांतला थेंबन् थेंब काढून बंद करायचं, ही नळकाकांची सेवा. थोडं जरी पाणी आत राहिलं तर ते गोठतं आणि पाइप उभा चिरतो. गेल्या दोन वर्षांत एकही पाइप चिरला नव्हता, आणि म्हणूनच डॉक्टर नळकाकांना जीव की प्राण मानत.

यंदा मात्र बाई खोटं बोलून आल्या होत्या.

हिवाळ्यापासून नळकाका विसरू लागले होते. सुरुवातीला किल्ल्या, नावं, एवढंच. मग एक दिवस ते नेहमीच्या दुकानातून परत येताना भलत्याच बिल्डिंगमध्ये शिरले आणि परक्यांच्या दारात उभे राहून, आपल्या घराचं कुलूप कुणी बदललं म्हणून भांडू लागले. मुलीने त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. निदान झालं. मुलगी म्हणाली, "आई, यंदा डोंगर वगैरे काही नाही. तुम्ही दोघं माझ्याकडे राहायला या." मुलीचं घर चौथ्या मजल्यावर. प्रेमाचं घर, पण तिथे नळ गळला तर सोसायटीचा माणूस येतो. तिथे हा माणूस सोफ्यावर बसवलेल्या पाहुण्यासारखा दिवस काढील आणि बघता बघता सगळंच विसरेल, असं बाईंना वाटलं. वाटलं म्हणजे त्यांना खात्रीच होती. म्हणून त्यांनी मुलीला सांगितलं, "चर्चच्या पाळकांना सगळं सांगितलंय, ते म्हणाले खुशाल या." आणि पाळकांनी तब्येतीचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ठणठणीत आहेत दोघंही." आयुष्यभर कॉपी करणाऱ्या पोरांचे कान पिळलेल्या बाईने एका आठवड्यात दोन धादांत थापा मारल्या, आणि दोन्ही पचल्या.

शिबिरात तो जोडीचा नियम बाईंच्या पथ्यावरच पडला. एरवी नवऱ्याच्या मागे सावलीसारखी फिरणारी बायको लोकांच्या डोळ्यांवर आली असती. इथे ती नियम पाळत होती. बाईंनी आणखी एक युक्ती काढली होती. नळकाकांना पुढचं काम आठवेना झालं की ते हातातला पाना उलटसुलट करत उभे राहत. मग बाई चिडल्याचं सोंग करून मोठ्याने म्हणत, "अहो, उभे काय राहिलात? त्या डाव्या हाताच्या वॉल्व्हला चकती घालायचीय ना? का तीही मीच घालू?" नळकाका "घालतो गं बाई, घालतो," म्हणत कामाला लागत. हात एकदा कामाला लागले की पुढचं सगळं बरोबर व्हायचं. "टोपी घाला." "जेवलात का? जेवलात, आत्ताच जेवलात." "ते डॉक्टर आहेत, त्यांना नमस्कार करा." दिवसभर हेच.

परिणाम व्हायचा तो झालाच. बाई म्हणजे नवऱ्याला धारेवर धरणारी कजाग बाई, असं शिबिरभर झालं. स्वयंपाकघरातल्या बायका त्या आल्या की गप्प होत आणि गेल्या की हळहळत. एवढा देवमाणूस, आणि नशिबी हे! बाईंच्या कानावर सगळं येई. त्यांना वाईट वाटायचं, नाही असं नाही, पण हिशेब त्यांना परवडत होता.

शेवटी वहिनींना राहवलं नाही. वहिनी स्वभावाने इतक्या चांगल्या की त्यांनी कुणाचं भलं करायचं ठरवलं की त्या माणसाने आडोसा शोधावा. मोसमातल्या सगळ्यांत मोठ्या तुकडीच्या बस त्या दिवशी दुपारी यायच्या होत्या. शंभरावर मुलं. सकाळची प्रार्थना आटोपल्यावर वहिनींनी बाईंचा हात धरला आणि म्हणाल्या, "आज तुम्ही माझ्याबरोबर स्वयंपाकघरात. बटाट्यांचा डोंगर आहे सोलायला."

"आणि हे?" बाई म्हणाल्या.

"काकांबरोबर टेलरमास्तर जातील. त्यांनाही अजून जोडीदार नाहीये." आणि मग हळूच, "बाई, राग मानू नका, पण जरा मोकळं सोडा हो त्यांना. एक सकाळ. पुरुषमाणसाला पण श्वास घ्यावासा वाटतो."

तिथे डॉक्टर होते, चारजण आणखी होते. नाही म्हणायला बाईंकडे एकच खरं कारण होतं आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं. "काय काम आहे त्यांना?" एवढंच त्यांनी विचारलं.

"काम कसलं?" वहिनी म्हणाल्या. "वर धुकं उतरलंय. वरच्या खोल्यांच्या खिडक्या तेवढ्या लावून घ्या म्हणावं, गाद्या दमट होतील. मग बसा दोघं गप्पा मारत."

खिडक्या लावायच्या. यात काय बिघडणार, असं बाईंनी मनाला समजावलं आणि बटाटे सोलायला बसल्या.

टेलरमास्तर पहिल्याच मोसमाचे, विधुर, गरीब गाय. आयुष्यभर गिऱ्हाईक म्हणेल तसं कापलेलं. ते नळकाकांबरोबर वर गेले. धुकं चांगलंच होतं, हात गार पडत होते. नळकाकांनी पहिल्या खोलीची खिडकी लावली, दुसरीची लावली, मग खिडक्यांच्या बाहेरच्या फळ्या ओढून घेतल्या, आणि तिथे त्यांच्या डोक्यात ऋतू बदलला. थंडी, धुकं आणि बंद होणाऱ्या खिडक्या यांचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता. मोसम संपला, शिबिर बंद करायचं. आणि ते काम त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच येत नव्हतं.

झऱ्याचं पाणी त्यांनी ओढ्याकडे वळवलं. टाकीच्या तळाचा वॉल्व्ह उघडला. टेलरमास्तरांना वरच्या एकेका इमारतीत फिरवून सगळे नळ उघडायला लावले. संडासांच्या टाक्या रिकाम्या केल्या. हातपंप लावून पाइपांच्या वाकणांत हवा मारली, शेवटी नुसती फुसफुस ऐकू येईपर्यंत. गाद्या उंदरांपासून वाचाव्यात म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोरीने बांधल्या. कित्येक वर्षांत कुणी इतक्या झटपट आणि इतकं स्वच्छ बंद केलं नसेल. टेलरमास्तरांनी मध्ये एकदाच विचारलं, "काका, मुलं यायची आहेत ना?" नळकाका म्हणाले, "म्हणून तर घाई." टेलरमास्तरांचं समाधान झालं. कापड शिवायच्या आधी भिजवून घेतात, तसं मुलं यायच्या आधी पाइप धुऊन घेत असतील. आणि प्लॅस्टिक? मुलांची गादी म्हटल्यावर प्लॅस्टिक हवंच की.

स्वयंपाकघरातला नळ खोकला, दोनदा थुंकला आणि गप्प झाला. बाईंच्या हातातला बटाटा तसाच राहिला. सगळ्यांच्या आधी त्याच उठल्या.

धापा टाकत सगळे वर पोचले तेव्हा नळकाका टाकीच्या कट्ट्यावर बसून हात पुसत होते. चेहरा समाधानाने फुललेला. "झालं बरं का डॉक्टर," ते म्हणाले. "थेंब नाही राहिला आत. आता कितीही बर्फ पडू दे."

डॉक्टरांनी रिकाम्या टाकीत वाकून पाहिलं. झऱ्याची धार करंगळीएवढी. टाकी पुन्हा भरायला रात्र तर जाणारच होती, उद्याचा दिवसही गेला असता. बस डोंगर चढू लागल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते आयुष्यात कधी नव्हे एवढ्या मोठ्याने ओरडले, "हे कुणी सांगितलं करायला?"

टेलरमास्तरांनी निरागसपणे नळकाकांकडे बोट दाखवलं. सगळे नळकाकांकडे बघू लागले. नळकाकांच्या चेहऱ्यावरचं समाधान जागच्या जागी थिजलं. ते डॉक्टरांकडे, मग टाकीकडे, मग आपल्या हातांकडे बघू लागले. त्या हातांनीच काहीतरी केलं असावं आणि सांगितलं नसावं, असं.

ते बघवेना म्हणून बाई बोलून गेल्या. "मी सांगितलं."

"तुम्ही?"

"सकाळी निघताना मीच म्हटलं, पाइप एकदा रिकामे करून घ्या. त्यांचा काही दोष नाही. मी म्हणेन ते करतात ते, तुम्हाला माहितीच आहे."

ते सगळ्यांना माहीतच होतं. कुणालाही शंका आली नाही. शिबिरभर झालेली बदनामी अशी कामाला आली, आणि बाईंना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

"पण बाई, आज?" डॉक्टर म्हणाले. "आज मुलं येताहेत!"

"आज येताहेत ते... माझ्या लक्षात राहिलं नाही."

वहिनी पुढे झाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "बाई, असं काय करता? सकाळपासून आपण त्यांच्यासाठीच तर बटाटे सोलतोय ना?"

बाईंनी जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकेतल्या चुका हेरल्या, पण स्वतःची थाप रचताना एवढी ढोबळ पायरी सुटली होती. तेवढ्यात नळकाका उठले, बाईंजवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"डॉक्टर, तिच्यावर ओरडू नका," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. तिला हल्ली लक्षात राहत नाही."

"अहो," बाई म्हणाल्या.

"थांब गं. सांगू दे मला. एकदा सांगून टाकलं की बरं." मग सगळ्यांकडे बघून, "तेच तेच बोलते सारखी. टोपी घाला. जेवलात का. ते डॉक्टर आहेत. आता डॉक्टर मला माहीत नाहीत का? पण बोलते. दिवसभर बोलते. मी 'हो' म्हणतो. ती म्हणेल ते करतो. आपल्याच माणसाला कशाला तोडून बोलायचं? मला वाटलं, इथे मी सारखा बरोबर असतो, सांभाळून घेईन. कुणाला कळणार नाही."

आता सगळ्यांना सगळं उमगलं होतं. ते सारखं सारखं टोकणं, ती चिडचिड, नवऱ्याला क्षणभरही नजरेआड न होऊ देणं. त्या देवमाणसाने केवढं सोसलं आणि आपण काय समजत होतो! वहिनींचे डोळे भरून आले. स्वयंपाकघरातली एकजण बाईंच्या पाठीवरून हात फिरवू लागली, आजारी मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

बाईंना रडू आलं नाही. राग आला, भयंकर राग. वर्गाची हजेरी तोंडपाठ असलेली बाई मी, असं ओरडून सांगावंसं वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. मुलीला एक फोन पुरला असता. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

पण नळकाका त्यांच्याकडे बघत होते. हिवाळ्यापासून हा माणूस वाकून, चाचपडत, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत जगत होता. आपलं कुठे चुकलं ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचत होता. आता तो ताठ उभा होता. त्याला काहीतरी नेमकं माहीत होतं आणि करायला नेमकं काम होतं. बायको आजारी आहे, तिला सांभाळायचं आहे. त्या चेहऱ्यावरची काळजी अगदी खरी होती. बाईंनी ती पाहिली आणि तोंड मिटलं.

"होतं हल्ली असं," त्या म्हणाल्या.

मुलं आली तेव्हा ओढ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत माणसांची रांग लागली होती आणि बादल्या हातोहात वर सरकत होत्या. मुलं पिशव्या टाकून रांगेत घुसली. त्यांना वाटलं, हाच पहिला खेळ. निम्मं पाणी एकमेकांच्या अंगावर गेलं. नळकाका रांगेच्या टोकाला उभे राहून बादल्या मोजत होते, दर वेळी नव्याने. बाईंना खुर्चीवर बसवलं होतं. त्यांच्या गुडघ्यांवर कुणीतरी चादर टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. "जरा त्रास होईल हं," असं या वेळी ते म्हणाले नाहीत. नियम आहे, नाइलाज आहे, वगैरे जे बोलायचं ते बोलले, पण सगळं नळकाकांशी. बाई शेजारीच बसल्या होत्या, पण त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. वहिनींनी मुलीला फोन लावला. मुलगी एक शब्द बोलली की संपलं. "मी बोलते," म्हणत त्यांनी वहिनींच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला.

"अगं, ऐक," त्या म्हणाल्या. "मला हल्ली विसरायला होतं, असं इथे सगळ्यांच्या लक्षात आलंय. बाबांनीच सांगितलं त्यांना. आम्हाला खाली पाठवताहेत. बाबा आहेत माझ्याबरोबर, तू काळजी करू नकोस."

पलीकडून मुलीने नाक ओढल्याचं ऐकू आलं. "बाबांना दे," ती म्हणाली.

नळकाकांनी फोन कानाला लावला. मुलीचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "बाबा, आईला नीट घेऊन या हं. तिचा हात सोडू नका."

"सोडतोय कशाला," नळकाका म्हणाले. "मी आहे ना."

रिकाम्या परतणाऱ्या बसमध्ये त्यांना पुढची जागा दिली. निरोपाला सगळे आले. वहिनी बाईंशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा सुटा करून बोलल्या. टेलरमास्तरांनी बाईंच्या कोटाचं सुटलेलं बटण तिथल्या तिथे लावून दिलं, आणि लावताना मान वर केली नाही. नळकाकांनी बाईंना हाताला धरून चढवलं, "पायरी आहे, जपून," म्हणाले, खिडकीकडे बसवलं आणि पिशवी आपल्या मांडीवर घेतली. वळण आलं तसं शिबिर दिसेनासं झालं.

बरीच वळणं उतरल्यावर नळकाका बाहेर बघायचे थांबले. त्यांनी मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं, ड्रायव्हरच्या पाठीकडे पाहिलं. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने बाईंच्या कानाशी येऊन विचारलं, "अगं, आपण कुठे चाललोय?"

"तुम्ही मला घरी नेताय," बाई म्हणाल्या. "मला बरं नाहीये."

"हो, हो," नळकाका म्हणाले, आणि त्यांनी बाईंचा हात घट्ट धरला. "माहितीय मला. तू नको काळजी करू."